तुळशीराम भोईरांचं ‘आलंच’

कोन गावात जन्मलेल्या माणसानं डोंगराच्या नादाला लागावं, हाच मुळात आगाऊपणा. घरामागं खाडी, घरापुढं कल्याण-भिवंडी रस्ता, आणि उंच म्हणावं असं गावात काय, तर पाण्याची टाकी. वाडवडिलांनी जाळी टाकली, भातं लावली, कुणी म्हणून मान वर करून बघितलं नाही. तुळशीराम भोईर मात्र पन्नाशीला आले तरी रविवार उजाडला की डोक्याला टोपी, गळ्यात शिट्टी, खांद्यावर दोराचं वेटोळं आणि मागं कल्याण-भिवंडीची दहा-पंधरा माणसं, अशी वरात काढायचे.

याला कारणीभूत त्यांचा मेव्हणा चांगदेव. अंबाडीला त्याची हळद होती. मंडळी रात्रभर नाचून सकाळी आडवी झालेली, तुळशीरामांना काही झोप येईना. गावातली दोन-चार पोरं जवळच्या गुमतारा किल्ल्यावर निघाली होती, त्यांच्यामागं हेही निघाले, नव्या कोऱ्या चामड्याच्या चपला घालून. दुपारी परत आले तेव्हा एका चपलेचा अंगठा तुटलेला, पँट गुडघ्यावर फाटलेली आणि तोंडभर हसू. सासूबाईंना वाटलं, जावयानं सगळ्यांपेक्षा जास्त घेतली.

पुढं भाताच्या शेतात गोदाम उभं राहिलं. त्याचा कारभार मुलगा धनेश बघू लागला आणि तुळशीरामांच्या हाताला काही काम उरलं नाही. मग काय, डोंगर मोकळाच होता. पावसाळ्यात ते माणसांना धबधब्यांकडं न्यायचे, थंडीत किल्ल्यांवर, आणि उन्हाळ्यात, शहाणी माणसं पंख्याखाली पडलेली असताना, अंधारात उठवून करवंदांच्या जाळ्यांत घालायचे. कातळाचा टप्पा आला की आधी स्वतः चढायचे, दोर बांधून स्वतः लोंबकळून बघायचे, मगच बाकीच्यांना हात द्यायचे. या बाबतीत माणूस सोन्यासारखा. खोटा होता तो एकाच बाबतीत.

किती राहिलं, या प्रश्नाला त्यांनी जन्मात खरं उत्तर दिलं नव्हतं. कुणी धापा टाकत विचारलं की ते हात वर करून म्हणायचे, “आलंच. ती झाडी दिसते ना, तिच्या मागंच.” झाडीच्या मागं दुसरी झाडी निघायची. तिच्या मागं उभा चढ. भिवंडीतल्या शाळेतले रवींद्र मास्तर अंगानं भरलेले आणि मनानं भोळे. ते वर्षानुवर्षं दर रविवारी या ‘आलंच’ला फसत होते आणि पुढच्या रविवारी डबा घेऊन पुन्हा हजर. तुळशीरामांचं म्हणणं, खरं सांगितलं तर निम्मी माणसं पायथ्याशीच वडापाव खात बसतील. थोडं खोटं बोलून माणूस वर पोचतो, मग पाप कसलं?

हे सगळं सुखानं चाललं असतं, पण दोन हजार सहाच्या श्रावणात ओढ्यानं घात केला. सगळ्या माणसांना दोर धरून पलीकडं उतरवलं, एकालाही खरचटलं नाही, आणि हे महाशय अलीकडं राहिलेली टोपी आणायला परत फिरले. टोपी मिळाली, मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आले तेव्हा धनेशनं ठणकावून सांगितलं की आता पुरे. गावात लोक हसतात, म्हाताऱ्यानं डोंगरात दुसरं घर केलंय म्हणतात. गोदामाच्या ऑफिसात खुर्ची आहे, पंखा आहे, तिथं बसा.

खुर्ची तुळशीरामांनी बघितली होती. तिच्यासमोर खिडकी होती आणि खिडकीतून दुसऱ्या गोदामाची भिंत दिसायची. तिथं बसायच्या नुसत्या विचारानं त्यांचा जीव गुदमरला, आणि ते कुणाला सांगायचीही चोरी.

निकाल लागला तो बायकोच्या, म्हणजे कमळाकाकूंच्या दरबारात. त्यांनी बापलेकांचं ऐकून घेतलं, कोलीम, ती बारीक सुकी कोळंबी, निवडता निवडता. मग म्हणाल्या की प्लास्टर निघू दे, थंडी पडू दे, मी स्वतः गुमताऱ्यावर येते. वर बघण्यासारखं काही असलं तर खुशाल जावा. नसलं तर टोपी खुंटीला आणि तुम्ही खुर्चीला. धनेश मनातल्या मनात हसला, कारण आईचे गुडघे त्याला ठाऊक होते. तुळशीरामांना घाम फुटला, कारण त्यांनाही ठाऊक होते.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी मंडळी गुमताऱ्याच्या पायथ्याशी, दुगाडला उतरली. कमळाकाकूंनी साडीचा काष्टा घट्ट मारला होता, पायात धनेशचे जुने बूट, काखोटीला तांदळाच्या भाकऱ्यांचं गाठोडं. पहिला तासभर त्या तोंडातून अवाक्षर न काढता चढल्या. बोलणारी बायको गप्प झाली की नवऱ्याला काय होतं ते नवऱ्यांनाच विचारावं. तुळशीराम चार पावलं पुढं जायचे, मागं बघायचे, पुन्हा पुढं जायचे. रानातला चढ उभा, वाळक्या पाल्यावरून पाय घसरत होते. शेवटी एका दगडाशी काकू थांबल्या, पदरानं तोंड पुसलं आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला.

“खरं सांगा. किती ऱ्हायलंय?”

‘आलंच’ त्यांच्या अगदी जिभेवर आलं. पण हेच ‘आलंच’ ती बाई अठ्ठावीस वर्षं ऐकत होती. बाजारातून आलंच, लग्नातून निघालोच, पोहोचलोच. ते ऐकलं की ती सरळ माघारी वळणार, हे त्यांना कळत होतं. मग खरं सांगायचं ठरवलं, तर भलतीच पंचाईत. इतकी वर्षं थाप मारून मारून खरं अंतर किती, हे त्यांचं त्यांनाच धड माहीत नव्हतं! त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं, ओठ हलवत टप्पे मोजले. मागं रवींद्र मास्तर कान देऊन उभे.

“अर्धं पण न्हाय झालं,” ते म्हणाले.

मास्तर मटकन खालीच बसले. काकूही बसल्या. तुळशीरामांना डोळ्यांसमोर खुर्ची दिसली, पंखा दिसला, भिंत दिसली. संपलं, असं त्यांना वाटलं, आणि वाईट याचं वाटलं की एकदाच खरं बोललो तर हे असं.

काकूंनी शांतपणे गाठोडं सोडलं. म्हणाल्या, अर्धं व्हायचंय तर आधी खाऊन घेऊ. भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, कांदा. मास्तरांनाही वाढलं. खाल्लं, पाणी प्यायल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. जाता जाता एवढंच सुनावलं, की आलंच म्हणाला असतात ना, तर इथूनच दुगाडला गेले असते.

कातळाच्या टप्प्याशी तुळशीरामांनी दोर बांधला, लोंबकळून बघितला आणि खाली हात दिला. दहा माणसांदेखत बायकोचा हात धरायचा म्हणजे कोनच्या माणसाला कातळापेक्षा अवघड. त्यांनी इकडंतिकडं बघितलं. काकूंनीच मनगट पकडलं, मोडून जुळलेलं तेच, आणि वर आल्या.

माथ्यावर वारा होता. कमळाकाकू टोकाशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली तानसा नदीचा पट्टा, कापलेली भातखाचरं, आणि उन्हात बारकी बारकी दिसणारी अंबाडी. त्यांचं माहेर. हा डोंगर त्यांनी जन्मल्यापासून अंगणातून बघितला होता. लाकडं आणायला पायथ्यापर्यंत यायच्या, त्यापुढं पोरींनी जायचं नाही असा नेम.

“ल्हान होते तेव्हा बाबाला इचारायची, वर काय हाय,” त्या म्हणाल्या. “म्हणायचा, काय न्हाय, दगूड हायेत. तो पण कधी आला नव्हता इथं.”

आणि डोळ्यांना पदर लावला. तुळशीरामांनी आपली टोपी काढली आणि उन्हासाठी बायकोच्या डोक्यावर ठेवली. ती काकूंनी परत दिली नाही. उतरून गणेशपुरीच्या गरम कुंडाशी पाय शेकत बसल्या, तेव्हाही ती डोक्यावरच होती.

घरी धनेशनं विचारलं, काय होतं वर? काकू म्हणाल्या, तू स्वतः जाऊन बघ. खुर्चीचा विषय तिथंच मिटला.

पुढच्या रविवारी माहुलीच्या चढावर एक नवखी बाई घायकुतीला आली आणि तिनं किती राहिलं म्हणून विचारलं. तुळशीरामांनी सवयीनं हात वर केला, “आलंच. ती झाडी...”

“अर्धं पण न्हाय झालं,” रांगेच्या शेवटून, टोपीखालून आवाज आला. “बसा बाई. भाकरी खाऊन घ्या.”

रवींद्र मास्तर सगळ्यांच्या आधी बसले.