तलावाच्या ओटीची साडी

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, मगच सांगतो. छे, तुम्ही हसणारच. बरं, हसा!

माझी सासुरवाडी वडूजजवळ. लग्नानंतर पहिल्यांदाच राहायला गेलो होतो. गावाला मातीचा बांध घातलेला छोटा पाझर तलाव आहे. सुट्टी असली की निम्मं गाव तिथंच, पोहायला नि गळ टाकायला. जेवताना मीही ठोकून दिलं, "आम्ही सांगलीकर! कृष्णा आडवी कापतो." नव्या जावयाला खोटं कोण म्हणणार?

सकाळी एकटाच गेलो. कपडे बांधावर ठेवले आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर पाण्यात उतरलो. काय सुख हो!

तेवढ्यात बँड वाजला. बघतो तर काय, तलाव भरला म्हणून अख्खं गाव त्याची ओटी भरायला आलेलं! पुढं सरपंच, मागं बायका, आणि ओटीचा मान कुणाला? आमच्या सासूबाईंना! आता त्या चड्डीत मी वर कसा येणार, सांगा? सांडव्याकडच्या बाभळीआड गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहिलो. माझे दात वाजताहेत आणि सरपंचांचं भाषण काही संपेना.

अखेर सासूबाईंनी साडी-नारळाची परडी पाण्यात सोडली. वाऱ्यानं ती थेट माझ्याकडं! देवाची माफी मागून साडी उचलली, बांधापलीकडं जाऊन गुंडाळली, डोक्यावर पदरसुद्धा घेतला. आता गुपचूप कपडे उचलायचे नि पळायचं.

बांधावर चढतो तर ही बोंबाबोंब!

"आरं, दाजींचा शर्ट हाय ह्यो!" मेव्हणा माझे कपडे छातीशी धरून ओरडत होता. "दाजी बुडालं!"

बायकोनं टाहो फोडला. दोघातिघांनी पाण्यात उड्या टाकल्या. आपल्यासाठी एवढी माणसं रडताहेत, हे बघून मलाच भरून आलं. गर्दीच्या मागं तसाच उभा राहिलो.

"पवता येत न्हाई तर उतरायचं कशाला रं?" एक म्हातारबा म्हणाले.

"व्हय की," मेव्हण्यानं हुंदका दिला. "काल लय बढाया मारत व्हते. मला तवाच वाटलं, ह्यास्नी बादलीतबी पवता येत नसंल!"

बादलीत? बाकी सगळं सहन केलं असतं हो!

"येतं मला पोहता!" मी गरजलो.

सगळं गाव गर्रकन वळलं. त्या आवेशात माझा पदर खांद्यावर घसरला होता. सासूबाई पुढं आल्या. साडी त्यांनी बरोबर ओळखली.

"जावायबापू, जित्तं हायसा, देव पावला," त्या म्हणाल्या. "पर पदर तेवढा डोक्यावर घ्या. समूर तुमचं सासरं उभं हाईत!"

आणि मी मुकाट्यानं घेतला!