कुडापलीकडचा घास

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, एक भाकर खायला इतका वेळ घ्यायचे की तेवढ्यात उंबऱ्यावरचं ऊन सरकत सरकत त्यांच्या पाटापर्यंत यायचं. पहिला घास तोंडात धरून ते डोळे मिटायचे आणि कुठेतरी निघून जायचे. परत आले की म्हणायचे, "ही नाल्याकाठच्या वावरातली जवारी हाय." आणि ती तिथलीच असायची. कापसाचा धागा चिमटीत ओढून जोखणारी त्यांची बोटं भाकरीवरूनही तशीच फिरायची.

बाकी सगळे दिवस घाईचे होते. सात समुद्रांपलीकडे कुठेशी लढाई जुंपली होती आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. तिवशाच्या वाटेवर अमरावतीकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग तुटत नसे. माझे यजमान आणि दीर भाकरीत ठेचा गुंडाळून गाडीवर बसल्या बसल्याच खायचे. घरभर कापसाचे तंतू उन्हात तरंगायचे, एखादा वरणात येऊन पडायचा. दोघा भावांनी ज्वारीची वावरंसुद्धा कपाशीखाली घातली. मामाजींनी नाल्याकाठचा तुकडा मात्र सोडला नाही. कापूस काही चावता येत नाही, एवढंच ते म्हणाले.

हे सगळं मला तेव्हा फार गोड वाटायचं असं नाही. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग यायचा. पुरुष उठल्याशिवाय आम्ही बायका जेवत नसू. मुलगे घरी जेवले तरी चार घासांत उठायचे आणि मामाजी जवसाच्या चटणीत हरवलेले. सासूबाई तव्यावरून एकेक गरम भाकर काढायच्या, मी ती नेऊन वाढायची आणि कुडाच्या भिंतीआड भूक दाबून उभी राहायची. वर ते मायेने सांगायचे, "सूनबाई, तू बी सावकाश जेवत जाय. अन्न काई पळून नाई चाल्लं." माझ्या वाट्याचं अन्न तोवर वाळून जायचं, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. माणूस लाखाचा, पण इतकं साधं दिसू नये?

मला दिवस गेले होते. सातव्या महिन्यात एका दुपारी वाढता वाढता मला घेरी आली. डोळे उघडले तेव्हा माझं डोकं सासूबाईंच्या मांडीवर होतं आणि त्या मामाजींशी बोलत होत्या. आवाज चढलेला नव्हता. "तुमचं जेवन होईस्तोवर इच्या भाकरीचं लाकूड होते. माहं तं तीस वर्सं झालं." मामाजींचा घास हातातच राहिला. त्या दिवशी ते ताटावरून तसेच उठले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी रीत काढली. सगळ्या भाकरी होऊन टोपल्यात झाकल्यावर आधी आमची दोन ताटं वाढायला लावली, मग आपलं मागितलं. सुनेनं सासऱ्यासमोर जेवू नये, म्हणून ते कुडाला पाठ लावून पलीकडे बसले आणि आम्ही अलीकडे. तव्यावरची भाकर म्हणजे त्यांचा जीव की प्राण, ती त्यांनी त्या दिवसापासून सोडली. गावात हसं झालं, दीर फुरंगटले. मामाजी ऐकून घ्यायचे आणि चावत राहायचे. पलीकडून रोज विचारायचे, पहिला घास कसा आहे. मी लाजून गप्प बसायची, पण डोळे मिटायला शिकले. ज्वारीची गोडी मागाहून येते, घाई करणाऱ्याला ती भेटतच नाही. माझी लेक त्याच घासांवर धडधाकट जन्मली.

पुढे लढाई संपली, भाव कोसळला, वाटेवरच्या गाड्या विरळ झाल्या. त्याच हिवाळ्यात मामाजींना गिळवेनासं झालं. तरी जेवणाच्या वेळी ते अंथरूण कुडाशी ओढून घ्यायला लावायचे. एका दुपारी क्षीण आवाजात त्यांनी विचारलं, "सूनबाई, पयला घास कसा हाय?"

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा तोंड उघडलं. "नाल्याकाठची जवारी हाय, मामाजी. जराशी खरपूस झाली. आता गोड लागून राहिली."

"हं," ते म्हणाले. "घाई नको करू."

नंतर पलीकडून काही ऐकू आलं नाही. डोळा लागला असेल, असं मला वाटलं. मी उरलेली भाकर त्यांच्या सांगण्याप्रमाणे सावकाश खाल्ली. सासूबाई आधी उठून पलीकडे गेल्या होत्या, त्या परतल्या नाहीत. हात धुऊन मी गेले, तर त्या मामाजींचा हात हातात घेऊन बसल्या होत्या.

"तुले जेवू देऊन गेले," त्या म्हणाल्या.