गूळ म्हणजे साखर नव्हे

आई गेली आणि सतराव्या वर्षी घर माझ्या अंगावर पडलं. मीही ते ठसक्यात चालवलं. भवानी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत माझाच शब्द चालायचा. आप्पा, म्हणजे माझे वडील, दिवसभर गिरणीत मागावर उभे असायचे. घरी आले की ताटात पडेल ते मुकाट्यानं खायचे.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा आप्पांच्या लघवीत साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, "साखर पूर्ण बंद. पालेभाज्या, कडधान्यं भरपूर."

मला वाटलं, एवढंच ना! त्या दिवसापासून रेशनची साखर मी शेजारणीला देऊन टाकायला लागले. घरात भाकरी, अंबाडी, चाकवत, मटकी. सकाळी हुलग्याच्या पिठाचं माडगं. पीठ पाण्यात शिजवायचं, सुंठ आणि गूळ घालायचा, की झालं. स्वस्त आणि अंगी लागणारं. संध्याकाळी गुळाचा चहा. गुळाची ढेप अकलूजहून आत्या पाठवायची. आमच्या बोलण्यात साखर म्हणजे पांढरी, कार्डावर मिळणारी. गूळ तो गूळ. उन्हातून आलेल्याच्या हातावर आधी त्याचाच खडा ठेवायचा. आप्पा थकलेले दिसले की मी माडग्यात तो जरा जास्तच घालायची.

पथ्याच्या बाबतीत मी भलतीच कडक. एका लग्नाच्या पंगतीत आप्पांच्या पानात बुंदी पडली, तर चार माणसांदेखत मी ती उचलली. ते ओशाळून हसले आणि वरणभात कालवू लागले.

मग चप्पल चावल्याचं निमित्त झालं. अंगठ्याला जखम झाली ती भरेचना. हळद भरली, मलम लावलं. महिन्याभरात बोट काळं पडलं, तेव्हा कुठे दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी पाय पाहिला आणि विचारलं, "खाण्यात काय काय असतं?"

मी फुशारकीनं सांगत सुटले. माडग्यापाशी आले तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"त्याला गोडी कशाची?"

"गुळाची. साखर चिमूटभरसुद्धा नाही."

"अहो, गूळ काय आणि साखर काय, एकच! रोज किती घालता?"

मी काही सांगायच्या आत खाटेवरून आप्पाच बोलले, "तिला नका बोलू, सायेब. ती चवीपुरता घालती. मीच डब्यातनं चोरून खातोय की. जीभ लई वाईट हाय माजी."

डॉक्टर त्यांच्यावर उखडले. वाटेल तसं बोलले. आप्पा खाली मान घालून ऐकत राहिले. मी शेजारी उभी होते आणि गप्प होते.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. माग सुटला. आत्या भेटायला आली, ती रडत रडत धाकट्या भावावर तुटून पडली. "पोरगी एवढी जीव तोडून करती, आन् तू डब्यात हात घालतोस व्हय?"

"चुकलं, अक्का," आप्पा म्हणाले.

मी आत चहा गाळत होते. बाहेर आले नाही. आधी भीती वाटली, मग लाज वाटली, आणि नंतर फार उशीर झाला. घरात आम्ही दोघंच असायचो, तेव्हाही त्यांनी तो विषय कधी काढला नाही. काढला असता तर मी त्यांच्या पायावर डोकं ठेवून रडले असते. त्यांनी एक खडाही चोरून खाल्ला नव्हता, हे जगात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

तीन वर्षांनी ते गेले. समाचाराला आलेल्या बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "तू काय कमी केलंस, बाई? त्यांनाच पथ्य पाळवलं न्हाय."

मी हो म्हटलं.