सगळ्या गावाचा एकच पासवर्ड

मये गावच्या देवकीला राग लवकर येत नसे. डिचोलीच्या सरकारी इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर बावीस वर्षं काढलेल्या बाईला तो परवडतच नाही. माणसं ओरडत, आदळआपट करत. ती "नाव सांगा, वय सांगा" एवढंच म्हणे.

तिने लग्न केलं नव्हतं. घरात ती आणि ऐंशी ओलांडलेली आई, शांता. आईच्या गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा देवकीने बसायच्या खोलीत कॅमेरा लावून घेतला. गावातली बहुतेक इंटरनेट कनेक्शनं डिचोलीच्या प्रशांतची. त्याचीच माणसं आली, राउटर लावला, कॅमेरा लावला, मोबाइलवर आई दाखवली आणि चहा पिऊन गेली.

मार्चपासून चित्र अडकायला लागलं. फोन केला की प्रशांतचं ठरलेलं उत्तर, "ताई, बंद करून चालू कर." देवकी रोज सकाळी निघण्याआधी तेवढं करायची. थोडा वेळ बरं चालायचं.

एका मंगळवारी दहा वाजता तिने मोबाइल बघितला. आई खिडकीकडच्या खुर्चीत बसलेली. अकराला बघितलं, तशीच. बाराला, तशीच. डोळा लागला असेल म्हणून तिने पुढचा केसपेपर ओढला. दीड वाजता शेजारच्या कमलाक्षीचा फोन आला. आई साडेनऊपासून खाली पडून होती, त्याच खोलीत, कॅमेऱ्यासमोर. देवकी सकाळभर बघत होती ती पडण्याआधीची आई.

मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर आई बसक्या आवाजात म्हणाली, "म्हटलं, देवकी पळयता, बघतेय मोबाइलवर. मी हात केला गो तुला, तीन-चारदा."

देवकी बाहेर व्हरांड्यात गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

तिची भाची सिद्धी पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवते. रविवारी ती लॅपटॉप घेऊन आली आणि अर्ध्या तासाने म्हणाली, "मावशी, तुझा राउटर आणि कॅमेरा दोन्ही कोणीतरी आपल्या कामाला जुंपलेत. अशी हजारो घरांतली यंत्रं पकडायची आणि सगळ्यांनी मिळून कुणाच्या तरी वेबसाइटवर तुटून पडायचं, ती बंद पडेपर्यंत. त्या कामात कॅमेऱ्याचा जीव गेला, चित्र पाठवणार कुठून?"

"पण शिरले कसे?"

"दार उघडंच होतं. नाव अॅडमिन, पासवर्ड अॅडमिन. कॅमेऱ्याचा एक-दोन-तीन-चार-पाच."

"अगो, मी रोज बंद करून चालू करत होते!"

"बंद केलं की तो प्रोग्रॅम जातो. चालू केलं की पाच मिनिटांत परत येतो. पासवर्ड तोच ना."

सोमवारी देवकीने रजा टाकली आणि प्रशांतच्या ऑफिसात जाऊन उभी राहिली.

"ताई, पासवर्ड कंपनीकडून तसाच येतो," तो स्क्रीनवरून मान न उचलता म्हणाला.

"लावला कोणी?"

"आमच्या पोरांनी. सगळीकडे एकच ठेवतो, दुरुस्तीला बरं पडतं."

"सगळीकडे म्हणजे किती घरं?"

"चारशे असतील."

"चारशे घरांना एकच किल्ली, आणि ती बाजारात टांगलेली!" तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "तुला विचारलं तेव्हा काय सांगितलंस? बंद कर, चालू कर! माझी आई चार तास हात करत होती रे त्या डबड्याला!"

"मी काय पाडली तिला?"

त्या वाक्यानंतर देवकी खुर्ची ओढून बसली. दुपारी ऑफिस बंद करायची वेळ झाली तरी उठली नाही. दारात माणसं जमली तेव्हा कुठे प्रशांतने कागद घेतला आणि घरोघर माणसं पाठवून पासवर्ड बदलून देतो असं लिहून सही केली. तो कागद तिने पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवला. दोघेतिघे हसले. तिने त्यांची नावं घेऊन विचारलं, "तुमच्याकडे कॅमेरा कुणावर लावलाय?" मग कोणी हसलं नाही.

महिन्याभरात प्रशांतची माणसं साठ-सत्तर घरं फिरली आणि थंडावली. तेव्हापासून रविवारी सिद्धीच्या स्कूटरवर मागे बसून देवकी स्वतः फिरते. परवा एका घरात म्हातारे गोकुळदास म्हणाले, "बाय, माझ्या घरात चोरण्यासारखं किते आसा?"

"चोरायला कोण येतो?" ती उसळली. "तुमच्या घरात बसून दुसऱ्याचं घर फोडतात ते! राउटर दाखवा."

म्हातारा कपाटाकडे गेला. आई आता वॉकर धरून न्हाणीपर्यंत जाते. दिवसा तिच्याजवळ कमलाक्षी येऊन बसते. देवकीचा राग मात्र उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं तिला वाटतही नाही. अजून अडीचशे घरं बाकी आहेत.