माझ्या ‘संधी’चा हिंदी अर्थ

जयपूरच्या कॉलेजात मी आयुष्यभर आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय हिंदीत शिकवला, पण विचार मराठीतच करत राहिलो. एकदा उदारमतवाद समजावताना म्हणालो, “व्यापार बढ़ता है तो शत्रु देशों को भी संधि मिलती है.” मला म्हणायचं होतं, चांगलं वागायची संधी मिळते. हिंदीत संधि म्हणजे तह, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

एका विद्यार्थिनीने मात्र त्यातून अर्थ काढला. परीक्षेत तिने लिहिलं की, तहाने नुसतं भांडण मिटत नाही, दोन देशांना पुन्हा पुन्हा भेटायला निमित्त मिळतं आणि भेटत राहिलं की विश्वास वाढतो. मला ते इतकं आवडलं की पुढच्या वर्षापासून मी ते वर्गात स्वतःचं म्हणून सांगू लागलो. निवृत्तीच्या समारंभातही माझा विचार म्हणून त्याचंच कौतुक झालं आणि मी गप्प बसलो.

ती आता जयपूरच्याच सीतापुरा भागातल्या एका कॉलेजात शिकवते. परवा राजा पार्क वस्तीतल्या माझ्या घरी आली, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं.

“मतलब, सर, आपकी हिंदी कच्ची थी,” ती हसून म्हणाली.

“और विचार तुम्हारा था.”

“आप गलती न करते तो मैं सोचती कैसे? आधा-आधा रख लेते हैं. संधि कर लीजिए.”

मी तिचे आभार मानले. ‘आभार’ हा शब्द तरी दोन्ही भाषांत एकाच अर्थाचा आहे.