भांडवल देण्यांच्या बाजूला का लिहितात

या लेखात मला एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. मालकाने स्वतःच्या खिशातून धंद्यात घातलेला पैसा, म्हणजे भांडवल, ताळेबंदात देण्यांच्या बाजूला का लिहितात? प्रश्न पहिल्या धड्यातला आहे. त्याच्यापायी मी अकाउंट्सच्या पेपरात दोनदा नापास झाले, आणि तिसऱ्यांदा बसले तेव्हा माझे कॉलेज राहणार की सुटणार हे त्या एका पेपरावर ठरणार होते. उत्तर एका ओळीचे आहे आणि ते प्रत्येक पुस्तकात छापलेले आहे. ते मला पाठही होते. पाठ असून उपयोग का झाला नाही, हे सांगितल्याशिवाय मात्र ते उत्तर सांगण्यात अर्थ नाही.

ज्यांना ताळेबंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे आधीच सांगते. ताळेबंद म्हणजे मधोमध रेघ मारलेला एक कागद. उजवीकडे धंद्याजवळ काय काय आहे ते लिहायचे: यंत्र, माल, रोकड. डावीकडे धंदा कोणाचे किती देणे लागतो ते लिहायचे. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली पाहिजे. आली नाही तर कुठेतरी चूक आहे.

आमची वाडी रत्नागिरीहून पावस गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला, खाडीच्या तोंडाशी. वाडीतल्या शाळेत चौथीपर्यंत एकच बाई होत्या आणि त्यांची एक शिस्त होती. गणिताच्या प्रत्येक पायरीसमोर समासात कारण लिहायचे. कारण नसेल तर बरोबर पायरीलाही गुण नाहीत. उत्तर चुकले पण कारणे बरोबर असली तर अर्धे गुण. या सवयीने मला दहावीपर्यंत चांगले नेले. बारावी विज्ञान शाखेतून जेमतेम झाले, आणि रत्नागिरीच्या कॉलेजात मी वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला नाव घातले. वर्गातल्या बहुतेकांनी अकरावी-बारावीत पुस्तपालन केलेले होते. अकाउंट्सच्या सरांनी सुरुवात केली ती ती दोन वर्षे सगळ्यांची झालीच आहेत असे धरून.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी फळ्यावर एका किराणा दुकानाचा हिशेब दिला आणि ताळेबंद करायला सांगितला. मी भांडवल उजवीकडे, मालमत्तेत लिहिले. माझ्या दृष्टीने त्याला कारण होते. पैसा मालकाचा, दुकान मालकाचे, तेव्हा जे आहे त्यातच तो धरायचा. सरांनी माझी वही उचलून वर्गाला दाखवली.

"हिच्या दुकानात बघा. साखर, तांदूळ, गल्ला, आणि कपाटात मालक."

वर्ग हसला. सर चांगले होते, त्यांनाही हसू आले एवढेच. मी उभी राहिले.

"सर, पण देणे आहे तर ते कोणाचे?"

"मालकाचे."

"देणार कोण?"

"धंदा."

"पण धंदा मालकाचाच ना, सर?"

"अगं, मला पोर्शन संपवायचाय. धंदा वेगळा, मालक वेगळा. लिहून घे, पाठ कर, दिवाळीच्या सुट्टीत त्याच्यावर विचार कर."

शेजारी एका आंबा बागायतदाराची मुलगी बसायची. ती खाली बघत म्हणाली, "बस गो. मालकाला कपाटातून बाहेर काढ नि बस."

मी सांगितल्याप्रमाणे लिहून घेतले, पण समासात कारण लिहिता येईना. पेन त्या जागी थांबायचे. परीक्षेत वेळ कमी पडत गेला तसा हात जुन्या समजुतीकडे वळला आणि भांडवल पुन्हा उजवीकडे गेले. दोन्ही बाजूंमध्ये मोठा फरक आला. शंभरपैकी बावीस.

निकालानंतर मी एक गोष्ट शोधून काढली. भांडवल चुकीच्या बाजूला गेले की येणारा फरक त्या भांडवलाच्या बरोबर दुप्पट असतो. सहा उदाहरणांत तपासले, सहाही वेळा तसेच आले. मला वाटले, सुटले. आता समजले नाही तरी चालेल; भांडवल डावीकडे टाकायचे, मग बेरजा जुळतात. दुसऱ्या खेपेला मी हेच करून बसले, आणि त्या वेळी प्रश्नाच्या तळाशी एक ओळ होती: मालकाने घरखर्चासाठी दुकानातून माल नेला. मी ती ओळ वाचली आणि सोडून दिली.

ती का सोडली हे सांगायला हवे, कारण आमच्या वाडीतल्या कोणीही ती सोडली असती. होडी किनाऱ्याला लागली की मासळी लिलावाला जाण्याआधी होडीवरचा प्रत्येक जण कालवणापुरती मासळी घरी नेतो. ती कोणी मोजत नाही आणि लिहीत नाही. मोजली तर तो कंजूष ठरतो. दुकानदाराने घरी दोन किलो साखर नेली, हे लिहिण्यासारखे काय आहे, हा प्रश्नसुद्धा माझ्या मनात आला नाही. अशाच आणखी दोन ओळी होत्या, मालकाच्या भांडवलावरचे व्याज आणि मालकाच्या विम्याचा हप्ता. त्या तिन्ही ओळी मालक आणि धंदा यांच्यामधल्या होत्या आणि तिन्ही मी चुकवल्या. पस्तीस गुण. पास व्हायला चाळीस लागत होते.

हा निकाल मी घरी आठ दिवस सांगितला नाही. एस.टी.त खिडकीशी बसून नियम ओठांत म्हणायचे आणि स्टँड यायच्या आत विसरायचे. लायब्ररीत दुपारभर एकच उदाहरण सोडवायचे, खोडायचे, पुन्हा सोडवायचे. कागद भोके पडेपर्यंत. कुठलीही रक्कम दिसली की हिला कुठे टाकू, या भीतीने डोके बधिर व्हायचे. तिकिटावरचे भाडेसुद्धा. वर्गात माझ्यापेक्षा कमी अभ्यास करणारी मुले सहज पास झाली होती, आणि माझ्या डोक्यात काहीतरी कमी आहे असे मला पक्के वाटू लागले होते.

आठव्या दिवशी आईला सांगितले. ती बाजारात मासळी विकून आली होती, पाटी उपडी करून धूत होती. तिने पाणी ओतणे थांबवले नाही.

"मग?"

"परत बसता येतं. फॉर्म भरायचा."

"आणि नाय सुटला तर?"

मी तिच्या हातातली पाटी घेऊन भिंतीला टेकवली.

"नाय सुटला तर मावशीबरोबर शेडमध्ये जायचं. ती विचारतेच हाय. हात गार पडतात, बाकी काय नाय."

मावशी कोळंबी सोलायच्या शेडमध्ये जात असे. बर्फाच्या पाण्यात दिवसभर राहून तिच्या बोटांची टोके पांढरी आणि चिरलेली असायची. त्या कामात कमीपणा नव्हता. त्याच पैशांवर तिने दोन मुली शिकवल्या होत्या. पण मला ते नको होते, आणि नको म्हणायला माझ्याजवळ दोन नापास निकालांखेरीज काही नव्हते. फॉर्मची शेवटची तारीख शनिवार होती. फॉर्म भरूच नये, असेही मनात येऊन गेले. न बसले तर निदान नापास तरी होणार नव्हते.

पावसाळ्यातली मासेमारीबंदी नुकतीच उठली होती आणि घरात पैसा नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी बाबांनी माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. तो होडीचा डबा. दर फेरीनंतर डिझेल आणि बर्फाचा खर्च वजा करून उरलेल्या पैशांचे वाटे होतात: खलाशांचा प्रत्येकी एक, बाबांचा एक, आणि होडीचा एक. होडीचा वाटा या डब्यात जातो. त्यातून इंजिन, जाळे, रंग. लहानपणापासून हा डबा बघितलेला. त्याच्याकडे बघायचे कारण कधी पडले नव्हते.

आई म्हणाली, "होडीचे कशाला काढताव? जाळं फाटलंय ना?"

"जाळं थांबेल आठ दिवस. फॉर्म थांबायचा नाय."

"ते होडीचे पैसे हायत. आपले नव्हेत."

"म्हणूनच लिहून ठेवतोय. होडीकडनं हजार घेतले. बाय, ती वही दे."

डब्यात शाळेची वही होती, कडा ओलसर आणि फुगलेल्या. मी ती उघडून त्यांच्यापुढे धरली. पहिल्या पानावर बाबांच्या चौथीच्या अक्षरात दोन ओळी होत्या. "होडीने माझे द्यायचे: दोन लाख." आणि "होडीने इंजिनवाल्याचे द्यायचे: एक लाख."

मी त्या ओळी पुन्हा वाचल्या.

"बाबा, होडी तुमची. मग ती तुम्हाला कसलं देणं लागते?"

"मी घातलेत ना दोन लाख तिच्यात. इंजिनवाल्याचे राहिले तसे माजेपण राहिले."

"पण मालक तुम्हीच."

"मालक मी घरात. दर्यावर मी एक वाटा." ते हजाराची ओळ लिहिता लिहिता थांबले. "मी मालक म्हणून डब्यात हात घातला तर खलाशी काय म्हणतील? त्यांच्या मेहनतीतनं होडीचा वाटा निघतो. उद्या इंजिन बंद पडलं तर कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

"मग कालवणाची मासळी का लिहीत नाही?"

आई मध्येच म्हणाली, "आता मासळीवर आली. शिकली ती हेच."

"सगळेच नेतात, सारखीच नेतात," बाबा म्हणाले. "वाट्यात फरक पडत नाय, मग लिहायचं कशाला? मी एकट्यानं पाटीभर सुरमई घरी आणली तर लिहावी लागेल. नायतर भांडण."

त्यांनी हजार रुपये मोजून माझ्या हातात दिले. नोटांना डिझेलचा वास होता. मी त्या घेतल्या आणि तिथेच बसून राहिले. किराणा दुकानात खलाशी नसतात. घरी माल नेणारा एकटा मालकच असतो. म्हणून तिथे ते लिहावे लागते. आणि ताळेबंद हा मालकाचा कागद नसून होडीचा कागद आहे. होडीच्या कागदावर माझे बाबा इंजिनवाल्याच्याच रांगेत उभे आहेत, डावीकडे. समासात लिहायला मला इतके दिवस हवे असलेले कारण आमच्या माळ्यावर, बिस्किटांच्या डब्यात होते, आणि त्या डब्याखाली झोपून मी दोनदा नापास झाले होते.

यानंतर सगळे सोपे झाले असे लिहिता आले असते, पण तसे झाले नाही. कारण कळले होते, हात शिकायचा होता, आणि दिवस थोडे होते. पेपरात शेवटचा ताळेबंद जुळला नाही. डावी बाजू तीन हजारांनी जास्त येत होती. मी सगळ्या बेरजा पुन्हा केल्या. पुन्हा तीन हजार. घड्याळात सात मिनिटे उरली होती, मग चार. डोळ्यांपुढे मावशीची बोटे येत होती आणि आकडे दिसेनासे झाले होते. मागच्या बाकावरून कुजबुज आली, "फरक कुठेतरी घुसव गो, किरकोळ खर्च म्हणून." मी पेन टेकवलेसुद्धा. मग ते उचलले आणि खाली स्वच्छ लिहिले: "फरक रु. ३,०००. कारण सापडले नाही." वाडीतल्या बाईंकडे हेच करायचे. पण हे विद्यापीठाचे तपासनीस होते, बाई नव्हत्या. बाहेर आले तेव्हा मी नापास झाले आहे याबद्दल मला शंका नव्हती.

चूक स्टँडवर सापडली, पावसच्या गाडीची वाट बघताना. मालकाने घरी नेलेला माल तीन हजारांचा होता. तो मी खरेदीतून वजा केला होता, पण मालकाच्या भांडवलातून वजा करायला विसरले होते. घरी नेलेला माल दुकानातून गेला, इतके हाताने लिहिले. तो मालकाच्या नावावर पडला, हे लिहायचे राहिले. कारण माहीत असताना. मी बाकावर बसून रडले. शेजारची बाई नारळांची पिशवी पायाशी ओढून घेत म्हणाली, "गाडी चुकली काय?" मी हो म्हटले.

निकाल लागला तेव्हा एकेचाळीस गुण होते. पायऱ्यांचे गुण मिळाले असावेत. मी उत्तरपत्रिका पाहिलेली नाही, म्हणून खात्रीने सांगू शकत नाही. शेडचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. बाबांना सांगितले तेव्हा ते जाळे शिवत होते. "बरं झालं," म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "हजाराची ओळ तशीच राहील हं. पास झालीस म्हणून होडीचे फिटले नाय." ती ओळ दोन वर्षांनी, माझ्या पहिल्या शिकवणीच्या पैशांतून, त्यांनी माझ्यासमोर खोडली.

आता मी अकरावीच्या मुलांना हाच धडा शिकवते. दर वर्षी कोणीतरी भांडवल उजवीकडे लिहिते. मी वही वर उचलून दाखवत नाही.

उत्तर असे: ताळेबंद धंद्याचा असतो, आणि धंद्याच्या दृष्टीने मालक हाही पैसे दिलेला एक माणूस आहे. पण मलाही हे कोणीतरी असेच सांगितले होते आणि त्याने काही झाले नव्हते. म्हणून बाबांच्या होडीचे, समजायला सोपे केलेले, आकडे देते. बाबांनी घातलेले दोन लाख, इंजिनवाल्याचे देणे एक लाख. होडी आणि इंजिन दोन लाख चाळीस हजार, जाळी पंचेचाळीस हजार, डब्यात रोकड पंधरा हजार. कागदावर मधोमध रेघ मारून हे मांडा. मग बाबांनी होडीकडून घेतलेले हजार रुपये दोन्हीकडे वजा करा, रोकडीतून आणि त्यांच्या दोन लाखांतून. शेवटी पहिल्या मांडणीतले त्यांचे दोन लाख मुद्दाम उजवीकडे नेऊन फरक किती येतो तेही बघा. माझ्या शब्दावर जाऊ नका. बेरजा स्वतः करून पडताळून पाहा.