जिभेवरची माती

आमचं शेत खाडीच्या कडेला होतं, सानपाड्याच्या खालच्या अंगाला. खारं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा लांबलचक बांध होता आणि तो सगळ्या गावाचा होता. उन्हाळ्यात घरटी एक माणूस चिखल टाकून तो लिंपायला जाई. वडील लवकर गेले, म्हणून आमच्या घरची आई जायची. गाव करी ते राव न करी म्हणतात. मी ते पाहिलंय, आणि गाव न करी तेव्हा काय होतं तेही पाहिलंय.

खारी जमीन गोड करायला वर्षं जातात. आई पावसाचं पाणी शेतात कोंडायची, त्यात मीठ उतरलं की सोडून द्यायची, पुन्हा कोंडायची. कापणीनंतर धाटं तिथंच कुजू द्यायची, वर गुरं फिरवायची. लावणीआधी चिमूटभर माती जिभेवर ठेवायची. गोड लागली तरच रोपाला हात. मग लाल भात यायचा, त्याच पाण्यात कोळंबीही मिळायची. ओंजळभर शेजारी धाडल्याशिवाय आमच्याकडे कालवण चुलीवर चढत नसे.

सत्तरच्या दशकात नव्या शहरासाठी जमीन घेणार म्हणून नोटीस आली. नुसती नोटीस, शेतात अजून काळं कुत्रंही फिरकलं नव्हतं. तरी त्या उन्हाळ्यात बांधावर आम्ही दोघीच, आई आणि टोपली घेऊन मी. आई गावातल्या वडीलधाऱ्या पंचाकडे गेली. तो ओट्यावर बसूनच म्हणाला, "बाय, जमीन आता सरकारची. सरकार बांधील बांध."

अख्खं गाव हेच बोलत होतं. मला आजही संताप येतो. शहर बांधायला निघालेल्यांना तुमच्या भाताच्या बांधाचं काय सोयरसुतक? बापजाद्यांनी कंबर मोडून राखलेला बांध या शहाण्यांनी एका कागदावर सोडून दिला.

भाद्रपदाच्या उधाणात बांध फुटला. भात पोटरीत होता, लोंब्या अजून बाहेर पडायच्या होत्या. पाणी ओसरल्यावर आईनं माती जिभेवर ठेवली आणि थुंकली. तशीच चिखलाच्या पायांनी पंचाच्या दारात गेली.

"मामा, सरकार आलं काय बांध बांधाला?"

तो ओट्यावरून उठून आत गेला. पुढे मोजणीवाले साहेब आले, मिठानं पांढरी पडलेली शेतं पाहून म्हणाले, ही तर नापीक जमीन, हिला कसला भाव? तेव्हा तेच गाव छाती बडवून सांगू लागलं की इथं सोनं पिकत होतं. खोटं नव्हतं ते, पण ऐकतो कोण?

ऐंशीचं दशक संपता संपता तिथं भराव पडला, इमारती उठल्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे मला तिथंच एका सोसायटीत घर मिळालं. आई राहायला आली तेव्हा सेक्रेटरी बागेसाठी लाल मातीचा ट्रक रिकामा करून घेत होते. कुंपणालगतच्या एका कोपऱ्यात भराव पडला नव्हता. तिथं आमची जुनी काळी माती होती.

"आजी, जरा बाजूला व्हा," ते म्हणाले. "इथल्या खाऱ्या मातीत काही उगवत नाही. ही लाल माती वर टाकायचीय."

आईनं वाकून काळी माती चिमटीत घेतली, जिभेवर ठेवली. एवढ्या वर्षांच्या पावसानं, कुणाचा हात न लागता, तिचं काम पुरं केलं होतं.

"गोड हाय," ती म्हणाली.

सेक्रेटरींनी मजुरांना त्यावर लाल माती ओढायला सांगितली.